पिंजऱ्यातल्या वाघ-बिबट्यांना खायला काय देतात? आणि कोंबडी जीवघेणी कशी ठरली?

नाशिक जिल्ह्यात बिबट्या पिंजऱ्यात अडकला की तासाभरात त्याचा व्हिडिओ मोबाईलवर येतो. निफाड, सिन्नर, दिंडोरी, इगतपुरी, तालुका कुठलाही असो, व्हिडिओ साधारण सारखाच असतो. लोखंडी पिंजरा, आत गुरगुरणारा बिबट्या, बाजूला गर्दी. खालच्या कमेंटही ठरलेल्या असतात. "आता याची मजा आहे, आयुष्यभर फुकट मटण" असं कुणीतरी हमखास लिहितं.

पण त्याला खरंच मटण मिळतं का? रोज मिळतं का? किती मिळतं? ते कोण तपासतं?

हे प्रश्न साधे वाटतात, पण त्यांच्या उत्तरावर प्राण्यांचे जीव अवलंबून असतात. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. कारण निघालं बर्ड फ्लू. संशय होता खायला दिलेल्या कोंबडीवर.

प्राणिसंग्रहालयात आणि बचाव केंद्रात वन्यप्राण्यांच्या जेवणाचं गणित कसं बसवतात आणि ते कुठे चुकतं, ते समजून घेऊया.

पकडण्याआधी नाशिकचा बिबट्या काय खात होता?

जेवण ठरवताना पहिला प्रश्न हाच असतो, की हा प्राणी बाहेर काय खात होता?

आपल्या डोक्यात बिबट्या म्हणजे जंगल आणि हरीण असं चित्र असतं. नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्यांच्या उसाच्या पट्ट्यात ते बऱ्याच अंशी खोटं आहे. नाशिकला लागून असलेल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. बिबट्याच्या पोटात गेलेल्या एकूण भक्ष्यापैकी वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के पाळीव जनावरं होती. त्यातही सर्वाधिक वाटा कुत्र्यांचा होता, ३९ टक्के. शेळ्यांचा वाटा त्यापेक्षा बराच कमी निघाला.

म्हणजे हा बिबट्या शिकार करत होता. कुत्रं मारलं की कातडी, हाडं, काळीज, आतडी असं जवळजवळ सगळं खात होता. एखाद्या दिवशी पोट फुटेस्तोवर, तर पुढचे एक-दोन दिवस काहीच नाही. त्याचं शरीर या पद्धतीला जुळलेलं आहे.

पिंजऱ्यात आल्यावर या सगळ्याच्या जागी माणसाने कापून आणलेलं मांस समोर येतं. खरी अडचण इथूनच सुरू होते.

पकडल्यानंतर तो जातो कुठे?

नाशिक शहरात मोठं प्राणिसंग्रहालय नाही. पूर्वी पकडलेले बिबटे गंगापूरच्या रोपवाटिकेत ठेवले जायचे. आता म्हसरूळला वनविभागाचं वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र आहे. तिथे तपासणी होते. धडधाकट असलेला आणि माणसावर हल्ल्याचा संशय नसलेला बिबट्या पुन्हा सोडला जाऊ शकतो. जखमी, म्हातारा किंवा हल्लेखोर ठरलेला बिबट्या मात्र कायमचा पिंजऱ्यात जातो. मुंबईतलं बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, जुन्नरजवळचं माणिकडोह बिबट निवारा केंद्र आणि नागपूरचं गोरेवाडा ही त्यासाठीची राज्यातली मोठी ठिकाणं. माणिकडोहचं केंद्र वनविभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था २००७ पासून मिळून चालवतात.

पहिल्या काही दिवसांत अनेक बिबटे अन्नाला तोंडही लावत नाहीत. माणसांचा आवाज, गर्दी, लोखंडाचा वास याने ते बिथरलेले असतात. पिंजऱ्याचे गज चावून सुळे तुटणं हीही नेहमीची गोष्ट. सुळा तुटला की दुखण्यामुळे हाडाचं मांस फाडता येत नाही. अशा वेळी आधी पाणी, मग अंधार आणि शांतता, आणि मग अन्न असा क्रम ठेवतात. सोडायच्या बिबट्याला माणसाचा हात आणि अन्न यांची सांगड लागू नये म्हणून त्याच्यासमोर कमीत कमी माणसं जातील याची काळजी घेतात.

रोज किती किलो?

ठोकळ हिशेब असा. पूर्ण वाढलेल्या वाघाला किंवा सिंहाला दिवसाला साधारण ८ ते १२ किलो मांस. बिबट्याला ३ ते ५ किलो. यात हाडासकट वजन धरलेलं असतं. वय, वजन, नर की मादी, गाभण आहे का, हवामान काय आहे, यावर आकडा बदलतो. नाशिकच्या डिसेंबरातली थंडी आणि नागपूरचा मे महिना या दोन टोकांना एकाच प्राण्याची भूक सारखी राहत नाही.

हे मांस मुख्यतः म्हशीचं किंवा रेड्याचं असतं. जोडीला कोंबडी. शेळीचं मटण महाग पडतं, त्यामुळे ते आजारी प्राणी, पिल्लं किंवा खाणं सोडलेला प्राणी यांच्यासाठी राखून ठेवतात. म्हणजे "आयुष्यभर फुकट मटण" हे तसं चूकच.

आठवड्यातून एक दिवस उपास

बहुतेक प्राणिसंग्रहालयांत मांसाहारी प्राण्यांना आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवतात. ऐकायला क्रूर वाटतं, पण त्यामागे कारण आहे. रानातला वाघ रोज जेवत नाही. मोठी शिकार मिळाली तर तो एका बैठकीत वीस किलोच्या पुढेही मांस खाऊ शकतो आणि मग काही दिवस त्यावर काढतो. पिंजऱ्यात मात्र शिकारीची धावपळ नाही, हद्द राखण्यासाठी मैलोनमैल फिरणं नाही. रोज भरपेट दिलं तर तो लठ्ठ होतो, पचन बिघडतं.

देशातल्या प्राणिसंग्रहालयांना आठवड्यातून एक दिवस लोकांसाठी बंद राहावं लागतं. अनेक ठिकाणी उपासाचा दिवस त्याच दिवशी धरतात.

नुसतं मांस दिलं की झालं, असं का नाही?

वाघ मांस खातो, म्हणून स्वच्छ, बिनहाडाचं, लालभडक मांस दिलं की काम झालं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात फक्त असं मांस देणं हा वाघाला आजारी पाडायचा खात्रीचा मार्ग आहे.

पहिलं कारण कॅल्शियम. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. फॉस्फरस कॅल्शियमच्या साधारण १५ ते २० पट असतो. मांजरकुळातल्या प्राण्याला हे दोन्ही जवळपास सारख्या प्रमाणात लागतात. अन्नातून कॅल्शियम मिळालं नाही की शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढायला लागतं. वाढत्या पिल्लात याचा परिणाम भयंकर असतो. पाय वाकतात, नुसती उडी मारली तरी हाड मोडतं, मणका दबला तर मागचे पाय लुळे पडतात. म्हणून हाडासकट मांस, किंवा मांसावर कॅल्शियमची पूड.

दुसरं कारण टॉरिन. हा अमिनो आम्लासारखा घटक आहे. माणसाचं शरीर तो स्वतः बनवतं. मांजरं तो पुरेसा बनवू शकत नाहीत, त्यांना तो खाण्यातूनच लागतो. तो कमी पडला तर डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू सैल पडतात. पाळीव मांजरांतल्या हृदयविकाराचा टॉरिनशी असलेला संबंध १९८७ मध्ये संशोधनातून स्पष्ट झाला. हृदय आणि काळिजात टॉरिन भरपूर असतं. मांस पाण्यात उकळलं तर टॉरिन पाण्यात उतरतो. रस्सा फेकून दिला की तोही गेला.

तिसरं कारण अ जीवनसत्त्व. आपण गाजर खाल्लं तर शरीर त्यातून अ जीवनसत्त्व तयार करतं. मांजरकुळाला ते जमत नाही. त्यांना ते तयार स्वरूपात, म्हणजे मुख्यतः काळिजातून लागतं. पण रोज काळीज दिलं तर त्याचा अतिरेक होऊन मणक्याची हाडं एकमेकांना चिकटतात. म्हणून काळीज आठवड्यातून मोजून देतात.

आणखी एक गोष्ट दातांची. मऊ तुकडे गिळणाऱ्या वाघाच्या दातांवर कीटण चढतं आणि हिरड्या सुजतात. हाड चावणं, कातडी ओढून फाडणं हाच त्याचा ब्रश.

गोरेवाड्यात नेमकं काय झालं?

चंद्रपूर भागात माणूस आणि वाघ यांच्यातल्या संघर्षातून पकडलेले वाघ गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात आणले होते. डिसेंबर २०२४ मध्ये, काही दिवसांच्या अंतराने त्यातले तीन वाघ मेले. एक बिबट्याही मेला. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे गेले. जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला अहवाल आला, तो होता एच५एन१ म्हणजे बर्ड फ्लू. राज्यातल्या प्राणिसंग्रहालयांना आणि बचाव केंद्रांना सावधानतेचा इशारा दिला गेला. संसर्ग कोंबडीच्या मांसातून झाला असावा, असा संशय व्यक्त झाला. त्याच महिन्यात लातूर जिल्ह्यातल्या उदगीरमध्ये मेलेल्या कावळ्यांतही हाच विषाणू सापडला होता.

बर्ड फ्लू हा पक्ष्यांचा आजार, मग वाघ कसा मरतो? विषाणू असलेली कोंबडी कच्ची खाल्ली की तो थेट तोंडात, घशात आणि तिथून फुप्फुसांत पोचतो. मांजरकुळातले प्राणी या विषाणूला फार लवकर बळी पडतात. ताप, धाप, कधी झटके आणि बऱ्याचदा काही दिवसांत मृत्यू.

हे जगात पहिल्यांदा घडलं असंही नाही. डिसेंबर २००३ मध्ये थायलंडमधल्या सुफानबुरीच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्या खाऊन दोन वाघ आणि दोन बिबटे मेले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००४ मध्ये, थायलंडच्याच श्रीराचा इथल्या व्याघ्रसंग्रहालयात ४४१ पैकी १४७ वाघ मेले किंवा त्यांना मारावं लागलं. तिथेही कच्च्या कोंबड्या दिल्या जात होत्या. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दक्षिण व्हिएतनाममध्ये ४७ वाघ, तीन सिंह आणि एक काळा बिबट्या गेला. आणि गोरेवाड्यानंतर काही महिन्यांतच, मे २०२५ मध्ये, उत्तर प्रदेशातल्या गोरखपूरच्या प्राणिसंग्रहालयात एक वाघीण याच विषाणूने मेली. त्या राज्यातली प्राणिसंग्रहालयं काही दिवस बंद ठेवावी लागली.

आपल्या भागाला हा विषाणू नवा नाही. भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला झाला होता. नंदुरबार जिल्ह्यातलं हे गाव नाशिक विभागातच येतं.

मग कोंबडी देतातच कशाला?

कारणं व्यवहाराची आहेत. कोंबडी रोज आणि सगळीकडे मिळते. ती अख्खी देता येते, म्हणजे हाडं, काळीज, हृदय सगळं एकत्र जातं आणि कॅल्शियमचा प्रश्न आपोआप बराच सुटतो. लहान पिल्लांना, दात नसलेल्या म्हाताऱ्या प्राण्यांना तिची मऊ हाडं सोपी पडतात. म्हशीच्या मांसाला कंटाळलेला प्राणीही कोंबडीकडे वळतो.

दुसरं कारण पुरवठ्याचं. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली. म्हशी-रेड्यांच्या मांसाला परवानगी कायम होती, पण त्या दिवसांत बाजारातला मांसाचा पुरवठा विस्कळीत झाला. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या वाघ-सिंहांना तेव्हा कोंबडीवर दिवस काढावे लागल्याच्या बातम्या देशाबाहेरही गेल्या होत्या. खाटीकखान्यातला संप असो वा एखादा नवा नियम, वाघाच्या जेवणाला पहिला पर्याय म्हणून कोंबडीच समोर येते.

तिसरं कारण पैसा. वर्षभराच्या मांसाचं टेंडर निघतं. दर जितका कमी, तितका पुरवठादाराचा माल तपासणं जास्त महत्त्वाचं, आणि बऱ्याचदा तितकंच अवघड.

मांस सुरक्षित आहे की नाही, हे कसं ठरतं?

चांगल्या ठिकाणची पद्धत साधारण अशी असते.

- मांस परवाना असलेल्या खाटीकखान्यातूनच येतं. कापण्याआधी जनावर आणि कापल्यानंतर मांस पशुवैद्यकाने तपासलेलं असावं लागतं. म्हशीच्या मांसातून क्षयरोग येऊ शकतो, म्हणून फुप्फुसं आणि गाठी नीट पाहतात.
- सकाळी गाडी आली की रंग, वास, तापमान आणि वजन तपासतात. शंका आली तर माल परत.
- मांस धुऊन कापतात. भांडी, सुऱ्या, फरशी रोज निर्जंतुक करतात. फळं आणि भाज्या बऱ्याच ठिकाणी लाल औषधाच्या पाण्यात, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटमध्ये बुडवून धुतात.
- प्रत्येक प्राण्याचा वाटा वेगळा मोजून त्याच्या रात्रीच्या खोलीत ठेवतात. एकत्र टाकलं तर दांडगा प्राणी सगळं खातो आणि दुबळा उपाशी राहतो.
- दुसऱ्या दिवशी उरलेलं मांस मोजतात आणि विष्ठा पाहतात. कुणी काय सोडलं याची नोंद ही आजाराची पहिली खूण असते. वन्यप्राणी दुखणं लपवतो, पण ताट लपवू शकत नाही.

बर्ड फ्लूचा विषाणू गोठवल्याने मरत नाही. म्हणजे डीप फ्रीजरमधली कोंबडी सुरक्षित आहे असं समजणं चूक. आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसपर्यंत शिजवलं तर तो मरतो. मग शिजवूनच का देत नाहीत? शिजवलेलं हाड ठिसूळ होऊन टोकदार तुकड्यांत फुटतं आणि आतडं फाडू शकतं. टॉरिन पाण्यात जातो. म्हणून साथीच्या काळात दोनच मार्ग उरतात. एक तर कोंबडी पूर्ण बंद करायची, किंवा हाडं काढून, उकडून, रस्सा आणि कॅल्शियमसकट द्यायची. दोन्ही मार्गांत खर्च वाढतो आणि माणसंही जास्त लागतात. पण वाघाच्या जिवापुढे तो मोठा नाही.

गवत खाणाऱ्यांचं सोपं असतं का?

नाही. चितळ, सांबर, नीलगाय, काळवीट हे रवंथ करणारे प्राणी. त्यांच्या कोटीपोटात कोट्यवधी जिवाणू गवत पचवायचं काम करत असतात. हिरवा चारा, कडबा, लसूणघास, झाडपाला आणि थोडं खुराक असा त्यांचा आहार असतो. या प्राण्याने एकदम पाव, पोळी, शिळा भात, बिस्किटं खाल्ली तर कोटीपोटात आम्ल वाढतं, चांगले जिवाणू मरतात, पोट फुगतं आणि प्राणी एका-दोन दिवसांत जाऊ शकतो. म्हणजे कुंपणातून प्रेमाने दिलेला पाव हरणासाठी विष ठरू शकतो. चाऱ्याला लागलेली बुरशी हाही पावसाळ्यातला मोठा धोका असतो.

माकडं आणि केळी

माकड म्हटलं की केळं, हे समीकरण शाळेच्या पुस्तकापासून आपल्या डोक्यात आहे. पण आपण बाजारातून आणतो ते केळं शेतकऱ्याने माणसाच्या जिभेसाठी वाढवलेलं असतं. रानातल्या फळांच्या तुलनेत त्यात साखर फार आणि चोथा कमी. इंग्लंडमधल्या पेंटन प्राणिसंग्रहालयाने २०१४ मध्ये याच कारणाने माकडांची केळी बंद केली आणि भाज्या-पाल्यावर भर दिला. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न प्राणिसंग्रहालयानेही काही वर्षांनी फळं कमी केली. लठ्ठपणा, मधुमेह आणि किडलेले दात हे त्यांचं कारण होतं.

सप्तशृंगी गडावर किंवा कसारा घाटात गाडी थांबवून वेफर्स-केळी देणाऱ्यांनी हा परिच्छेद परत वाचायला हरकत नाही.

बाकीच्यांच्या ताटात काय?

अस्वल रानात वाळवी, मुंग्या, मध आणि फळं खातं. पिंजऱ्यात वाळवी कुठून आणणार? मग गव्हाची किंवा नाचणीची लापशी, अंडी, फळं. पण थाळीत लापशी ठेवली तर पाच मिनिटांत संपते आणि उरलेला दिवस अस्वल एकाच जागी डोलत बसतं. म्हणून मध लाकडाच्या फटीत लावतात, फळं उंच टांगतात, खाणं गवतात लपवतात. खाणं शोधायला लागलेला वेळ हाही आहाराचाच भाग असतो.

मुंबईच्या भायखळ्यातल्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. त्यांचं जेवण म्हणजे मासे. इथे अडचण अशी, की काही माशांत ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो आणि मासा साठवल्यावर ते जीवनसत्त्व आणखी घटतं. म्हणून मासे खाणाऱ्या पक्ष्यांना आणि प्राण्यांना जगभर ब१ची गोळी देतात, बहुधा माशाच्या कल्ल्यात लपवून.

मगर आणि साप यांचं पोट हवामानावर चालतं. त्यांचं शरीर बाहेरच्या उष्णतेवर अवलंबून असल्याने थंडीत पचन मंदावतं. मोठ्या मगरीला आठवड्यातून एक-दोनदा मासे किंवा मांस पुरतं आणि थंडीत ती कित्येक दिवस खातही नाही. साप कात टाकायच्या आधी खाणं सोडतो. त्याला बळजबरी भरवणं म्हणजे आजार ओढवून घेणं.

उसात सापडलेल्या पिल्लांना दूध का पाजू नये?

नाशिकमध्ये ऊसतोडणी सुरू झाली की बिबट्याची पिल्लं सापडायला लागतात. सापडणारा माणूस बहुतेक वेळा चांगल्या मनाने त्यांना गायीचं किंवा म्हशीचं दूध पाजतो. तेच करू नये.

मांजरकुळातल्या मादीच्या दुधात गायीच्या दुधापेक्षा प्रथिनं दुपटीहून जास्त असतात, स्निग्धांशही जास्त आणि दुधाची साखर कमी. गायीच्या दुधाने पिल्लाला हगवण लागते आणि शरीरातलं पाणी कमी होऊन ते दगावतं. झोपवून बाटली लावली तर दूध फुप्फुसात जातं. अमिनो आम्लं कमी पडली तर अशा पिल्लांच्या डोळ्यात मोतीबिंदू होऊ शकतो. माणसाच्या हातून वाढलेलं पिल्लू पुन्हा रानात जाणंही जवळजवळ अशक्य.

उत्तर सोपं आहे. पिल्लांना हात न लावता वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवायचं. वनविभागाची माणसं संध्याकाळी पिल्लं त्याच जागी टोपलीत किंवा क्रेटमध्ये ठेवतात आणि रात्री मादी येऊन ती घेऊन जाते. नाशिक आणि जुन्नरमध्ये अशा कित्येक भेटी घडवून आणल्या आहेत. आईच्या दुधाला पर्याय शोधण्यापेक्षा आईच परत देणं केव्हाही बरं.

हरसूलचं 'गिधाडांचं उपाहारगृह'

वन्यप्राण्यांना खाऊ घालण्याचा एक वेगळा प्रयोग नाशिक जिल्ह्यातच आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलजवळच्या खोरीपाडा इथे वनविभाग आणि गावकऱ्यांनी गिधाडांसाठी खास जागा केली आहे. मेलेली जनावरं तिथे आणून टाकली जातात आणि गिधाडं ती खातात. इथे पिंजरा नाही, पक्षी मोकळे आहेत. पण नियम तोच, की अन्नात काय आहे ते आधी तपासा.

कारण भारतातली गिधाडं संपली ती खाण्यातूनच. जनावरांच्या दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या शरीरात राहायचं. ते मांस खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी व्हायचं. २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं. त्याच प्रकारची केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक ही औषधं २०२३ मध्ये बंद झाली. म्हणून मेलेल्या जनावराला शेवटच्या दिवसांत कुठलं औषध दिलं होतं, हा इथला पहिला प्रश्न असतो.

गोरेवाड्याचा वाघ आणि हरसूलचं गिधाड यांच्या गोष्टीतलं साम्य इथे दिसतं. अन्न भरपूर होतं. त्या अन्नात काय होतं, हे वेळेत कुणाला कळलं नाही.

कायदा काय सांगतो?

देशातल्या प्राणिसंग्रहालयांवर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची देखरेख असते. १९९२ मध्ये ते स्थापन झालं. २००९ च्या मान्यता नियमांनुसार प्रत्येक प्राण्याला वेळेवर, भेसळ नसलेलं आणि त्याच्या गरजेप्रमाणे पुरेसं अन्न देणं बंधनकारक आहे. प्रत्येक प्राण्याची गरज वेगळी धरायची आहे, सरसकट एक आकडा चालत नाही. हे पाळलं नाही तर मान्यता अडचणीत येऊ शकते.

आणि आपल्यासाठीही कायदा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३८जे नुसार प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला डिवचणं, इजा करणं, आवाज करून त्रास देणं आणि खायला घालणं हा गुन्हा आहे. त्यासाठी दंड आणि तुरुंगवास दोन्हींची तरतूद आहे. "आम्ही तर फक्त बिस्किट दिलं" हा बचाव होऊ शकत नाही.

आपण काय करू शकतो?

- प्राणिसंग्रहालयात काहीही टाकू नका. पिशवी तर नाहीच. खाण्याचा वास लागलेलं प्लॅस्टिक हरीण गिळतं आणि ते पोटात अडकतं.
- कुणी खायला घालताना रील काढत असेल तर ते शेअर करू नका. जितके व्ह्यूज, तितके पुढचे पाव-बिस्किटवाले.
- प्राण्याला मदत करायचीच असेल तर दत्तक योजना आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानासह अनेक ठिकाणी वर्षभराच्या खर्चाची रक्कम भरून प्राणी दत्तक घेता येतो. प्राणी तिथेच राहतो, तुमच्या पैशातून त्याचं जेवण चालतं.
- परिसरात एकाच वेळी बरेच कावळे किंवा कोंबड्या मेलेल्या दिसल्या तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवा. बर्ड फ्लूची खबर वेळेत मिळाली तर पिंजऱ्यातल्या वाघाचं ताट वेळेत बदलता येतं.

रानातला बिबट्या आपलं जेवण स्वतः निवडतो. शिळं वाटलं तर सोडतो, आजारी पडला तर उपाशी राहतो, मिळालं नाही तर दुसरीकडे जातो. पिंजऱ्यात आल्यावर यातला एकही पर्याय त्याच्याकडे उरत नाही. जे समोर येईल तेच खायचं. म्हणून त्याच्या ताटात काय पडतं, याची शंभर टक्के जबाबदारी त्याला पिंजऱ्यात आणणाऱ्यांची, म्हणजे आपली आहे. पुढच्या वेळी नाशिकच्या बिबट्याचा व्हिडिओ आला आणि खाली "आता याची मजा आहे" अशी कमेंट दिसली, तर उत्तरात ही माहिती पाठवायला हरकत नाही.